मोंढ्याचं ॲप पायथनमधून डिप्लॉय करताना

दसरा आठ दिवसांवर आला की परभणीच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक चढायला लागते, आणि त्याच आठवड्यापासून माझा फोनही. आम्ही आडत दुकानांसाठी एक छोटं ॲप चालवतो. सौदा झाला, काट्यावर वजन झालं, की हमाली-तोलाई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी छापून निघते. परभणी, सेलू आणि मानवत मिळून अकरा दुकानं. प्रत्येकाचा हिशोब वेगळा, म्हणून क्लाउडवरच्या कुबरनेटीस क्लस्टरमध्ये (कंटेनरमधली ॲप चालवणाऱ्या मशीनच्या गटात) प्रत्येक दुकानाचं नेमस्पेसही (स्वतंत्र कप्पा) वेगळं.

सुरुवातीला सगळं क्यूबसीटीएलने, म्हणजे कुबरनेटीसला कमांड देणाऱ्या टूलने, हातानं करायचो. बदल एक, कमांड अकरा वेळा. आठव्या-नवव्या दुकानाशी आलो की कोणीतरी चहाला हाक मारायचं आणि परत आल्यावर नववं झालं की राहिलं, हे काही केल्या आठवायचं नाही. मग कुबरनेटीसच्या पायथन क्लायंट लायब्ररीकडे वळलो. तुमचं एकच ॲप असेल, महिन्यातून एकदा बदलत असेल, तर या भानगडीत पडू नका; क्यूबसीटीएल पुरतं. तेच काम अनेक ठिकाणी, ठरावीक क्रमाने आणि मधेच तपासत करायचं असेल, तर पुढचं वाचा. पायथन जुजबी येतं आणि पॉड, नेमस्पेस, डिप्लॉयमेंट हे शब्द ओळखीचे आहेत असं मी धरून चालतोय. फंक्शनची नावं इथं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये त्या शब्दांच्या मधे अंडरस्कोर येतो.

हात घालण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. ही लायब्ररी स्वतः काहीच डिप्लॉय करत नाही. ती क्लस्टरच्या एपीआय सर्व्हरकडे तुमची मागणी नोंदवते: या दुकानाला हे इमेज (ॲपची बांधून ठेवलेली प्रत), दोन पॉड. नोंद झाली की लायब्ररीचं काम संपलं. पुढचं सगळं क्लस्टरच्या आतले कंट्रोलर करतात. याचा फायदा असा की मागणी पोचल्यानंतर तुमच्या घरची लाईट गेली तरी रोलआउट (नवी आवृत्ती लावणं) चालूच राहतो. आमच्याकडे लाईट जाणं ही काही बातमी नसते, त्यामुळे हे मी बऱ्याचदा अनुभवलंय. तोटा असा की लायब्ररीने ‘झालं’ म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘नोंद झाली’ एवढाच.

हा तोटा मला एका हंगामात नडला. तेव्हा तोलाईचा दर मी थेट कोडमध्येच लिहून ठेवला होता. ती चूक वेगळी, तिच्याकडे नंतर येतो. दर बदलला, नवं इमेज तयार केलं, स्क्रिप्ट चालवली. अकराही दुकानांसमोर ‘यशस्वी’ आलं आणि मी झोपलो. सकाळी साडेअकराला सेलूच्या मुनीमकाकांचा फोन: “सर, पट्टीवर तोलाई जुनीच यायलीय की.” इमेजच्या टॅगमध्ये मी एक अक्षर चुकवलं होतं. त्या नावाचं इमेज रजिस्ट्रीत (इमेज साठवण्याच्या जागी) नव्हतंच, म्हणून नवे पॉड ‘इमेज पुल बॅकऑफ’मध्ये अडकले होते आणि जुने पॉड इमानेइतबारे जुना दर लावत होते. ॲप बंद पडलं असतं तर पहिल्या पट्टीलाच कळलं असतं.

असं का झालं? रोलिंग अपडेटमध्ये एका वेळी किती जुने पॉड काढायचे आणि किती नवे वाढवायचे, या दोन्ही मर्यादा मुळात २५ टक्के असतात. काढायची संख्या खाली धरली जाते, वाढवायची वर. दोन पॉडचे २५ टक्के म्हणजे अर्धा. म्हणून काढायचे शून्य, वाढवायचा एक. नवा एक पॉड तयार होईपर्यंत जुन्या दोघांना कोणी हात लावत नाही. रचना उत्तमच आहे, फक्त माझी स्क्रिप्ट तिच्याकडे बघतच नव्हती.

तयारी

वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा आणि पिपने ‘कुबरनेटीस’ याच नावाचं पॅकेज टाका. आवृत्तीचा हिशोब सोपा आहे: क्लस्टर १.३० असेल तर लायब्ररीची ३० ची मालिका. एखाद-दुसऱ्या आवृत्तीचा फरक सहसा चालून जातो, पण रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये आकडा पक्का लिहून ठेवा.

लायब्ररीला क्लस्टरचा पत्ता आणि ओळखपत्र लागतं. लॅपटॉपवरून चालवत असाल तर ‘लोड क्यूब कॉन्फिग’ हे फंक्शन क्यूबसीटीएलचीच कॉन्फिग फाइल वाचतं. स्क्रिप्ट क्लस्टरच्या आत पॉड म्हणून चालत असेल तर ‘लोड इनक्लस्टर कॉन्फिग’. काही ठिकाणी ‘आधी आतलं बघ, नाही जमलं तर बाहेरचं’ अशी सोय लिहिलेली दिसते. मला ती आवडत नाही. कुठून चालतंय हे स्क्रिप्टला अंदाजाने ठरवू देऊ नका, स्पष्ट सांगा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॉन्टेक्स्ट, म्हणजे कुठल्या क्लस्टरशी कुठल्या ओळखीने बोलायचं ते. काहीच सांगितलं नाही तर लायब्ररी कॉन्फिगमधला चालू कॉन्टेक्स्ट उचलते. दुपारी तुम्ही टेस्ट क्लस्टरवर असाल आणि संध्याकाळी खऱ्या, तर तो कुठला असेल याचा नेम नाही. ‘लोड क्यूब कॉन्फिग’ला कॉन्टेक्स्टचं नाव द्या आणि स्क्रिप्टची पहिली ओळ म्हणून ते स्क्रीनवर छापा. माझी स्क्रिप्ट खऱ्या क्लस्टरसाठी नाव टाइप करायला लावते. कंटाळा येतो, पण येऊ द्या.

परवानगी बेताची

स्वतःच्या ॲडमिन ओळखीने स्क्रिप्ट चालवू नका. तिच्यासाठी वेगळं सर्व्हिस अकाउंट काढा आणि प्रत्येक नेमस्पेसमध्ये रोल (परवानग्यांची यादी) आणि रोल बाइंडिंग (ती यादी अकाउंटला जोडणारी नोंद) लावा. ‘ॲप्स’ गटातल्या डिप्लॉयमेंटवर गेट, लिस्ट, वॉच, क्रिएट आणि पॅच. मूळ गटातल्या पॉडवर गेट आणि लिस्ट. डिलीट नाही. पॉडची संख्या बदलायची असेल तर डिप्लॉयमेंटचा ‘स्केल’ हा उपभाग वेगळा नोंदवावा लागतो. डिप्लॉयमेंटवर पॅचचा हक्क आहे म्हणजे स्केलवरही असेल असं वाटतं, पण तिथं ४०३ (परवानगी नाही) मिळतो. पॉडचे लॉग वाचायचे असतील तर त्याचंही तसंच.

टोकनबद्दल (सर्व्हिस अकाउंटचं ओळखपत्र) एक सूचना. कुबरनेटीस १.२४ पासून सर्व्हिस अकाउंटला कायमचं टोकन आपोआप तयार होत नाही. मागून घ्यावं लागतं आणि त्याला मुदत असते. जुने लेख वाचून सिक्रेटमध्ये टोकन शोधत बसू नका. आणि मिळालेलं टोकन गिटमध्ये टाकू नका, रेपॉझिटरी खाजगी असली तरी.

आधी वाचा, मग लिहा

पहिली स्क्रिप्ट काहीही न बदलणारी असू द्या. ‘ॲप्स व्ही-वन एपीआय’चा ऑब्जेक्ट करा, प्रत्येक नेमस्पेससाठी ‘लिस्ट नेमस्पेस्ड डिप्लॉयमेंट’ मागवा आणि नाव, चालू इमेज, हवे असलेले पॉड आणि तयार पॉड छापा. अकरा ओळींचा हा तक्ता मला कुठल्याही डॅशबोर्डपेक्षा जास्त उपयोगी पडतो. पहिल्यांदा चालवला तेव्हा मानवतची दोन दुकानं तीन आवृत्त्या मागे असल्याचं कळलं. चहाचा परिणाम.

इथंच पहिला खड्डा आहे. एकही पॉड तयार नसेल तर ‘रेडी रेप्लिकाज’मध्ये शून्य येत नाही, पायथनचं ‘नन’ येतं. त्याची आकड्याशी तुलना केली की स्क्रिप्ट कोसळते, आणि नेमकी तेव्हाच कोसळते जेव्हा दुकान बंद आहे. प्रत्येक आकड्याला ‘नसेल तर शून्य’ जोडा.

दुसरं, टाइमआउट. लायब्ररी मुळात कितीही वेळ उत्तराची वाट बघत बसू शकते. मोबाइल हॉटस्पॉटवर मधेच रेंज गेली की स्क्रिप्ट नुसती थिजते. चूक नाही, काही नाही. प्रत्येक कॉलला ‘रिक्वेस्ट टाइमआउट’ द्या. या पॅरामीटरच्या नावाआधीही एक अंडरस्कोर असतो. मी जोडणीला ५ आणि उत्तराला ३० सेकंद ठेवतो.

पहिल्यांदा उभं करणं

डिप्लॉयमेंटचं वर्णन तीन प्रकारे देता येतं: लायब्ररीचे क्लास वापरून, पायथनची डिक्शनरी लिहून, किंवा यॅमल (सेटिंग्ज लिहायच्या साच्यातली) फाइल वाचून. क्लासवाला प्रकार दिसायला शिस्तीचा, पण चार पातळ्या आत गेल्यावर आपलंच कोड आपल्याला वाचता येत नाही. मी यॅमल फाइल गिटमध्ये ठेवतो, ‘सेफ लोड’ने वाचतो, दुकानानुसार बदलणारी दोन-तीन मूल्यं भरतो आणि ‘क्रिएट नेमस्पेस्ड डिप्लॉयमेंट’ला देतो. गरज पडली तर तीच फाइल क्यूबसीटीएललाही चालते.

सिलेक्टरमधली (कुठले पॉड आपले हे ओळखणारी) लेबलं आणि पॉडच्या टेम्प्लेटमधली लेबलं जुळली पाहिजेत, नाहीतर ४२२ (वर्णन अमान्य) येतो. सिलेक्टर नंतर बदलता येत नाही, म्हणून त्यात आवृत्ती वगैरे बदलणारं काही घालू नका. दुकान आणि ॲपचं नाव बास. रेडीनेस प्रोब (पॉड कामाला तयार आहे का ही तपासणी) मात्र टाळू नका. ती नसेल तर कंटेनर सुरू झाला की कुबरनेटीस पॉडला तयार समजतं, मग ॲप डेटाबेसला जोडलं गेलेलं असो वा नसो. पुढची सगळी तपासणी या एका प्रोबच्या खरेपणावर उभी आहे.

डिप्लॉयमेंट आधीच असेल तर ४०९ मिळतो. लायब्ररीची ‘एपीआय एक्सेप्शन’ पकडून तिचा स्टेटस बघा: ४०९ असेल तर पॅचकडे वळा, बाकी काहीही असेल तर थांबा. सगळ्या चुका एकाच जाळ्यात पकडून पुढे जाणारी स्क्रिप्ट सगळ्यात धोकादायक.

इमेज बदलणं

रोजचं काम हेच. ‘पॅच नेमस्पेस्ड डिप्लॉयमेंट’ला फक्त बदलणारा भाग द्यायचा: स्पेकच्या आत टेम्प्लेट, त्याच्या आत स्पेक, त्यात कंटेनरची यादी, आणि यादीत कंटेनरचं नाव व नवं इमेज. डिक्शनरी दिली की लायब्ररी ती ‘स्ट्रॅटेजिक मर्ज’ पद्धतीने पाठवते, म्हणजे कंटेनर नावावरून जुळवला जातो. इथं नाव चुकलं तर ‘असा कंटेनर नाही’ अशी तक्रार येणार नाही. त्या नावाचा दुसरा कंटेनर त्याच पॉडमध्ये निमूटपणे जोडला जाईल. म्हणून नाव हाताने लिहू नका. आधी डिप्लॉयमेंट वाचा आणि नाव तिथून उचला.

दुसरी गंमत अंडरस्कोरची. लायब्ररीच्या ऑब्जेक्टमध्ये नावं अंडरस्कोरने जोडलेली असतात; यॅमलमध्ये मात्र अंडरस्कोर नसतो, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं. डिक्शनरी जशीच्या तशी सर्व्हरकडे जाते, त्यामुळे तिच्यात यॅमलचीच पद्धत हवी. चुकून अंडरस्कोर घातला तर सर्व्हर ते अनोळखी फील्ड गाळून टाकतो आणि ‘झालं’ म्हणतो. माझी एक संध्याकाळ यात गेली. कॉलला ‘फील्ड व्हॅलिडेशन’ हे पॅरामीटर ‘स्ट्रिक्ट’ करून द्या, म्हणजे तो गप्प बसत नाही. नवा पॅच पहिल्यांदा पाठवताना ‘ड्राय रन’ला ‘ऑल’ हे मूल्यही द्या. सर्व्हर सगळं तपासतो, पण काही साठवत नाही.

इमेजला ‘लेटेस्ट’ टॅग देऊ नका. टॅगचं नाव तेच राहिलं तर टेम्प्लेट बदलत नाही, टेम्प्लेट बदललं नाही तर रोलआउटच होत नाही. मी गिट कमिटची पहिली काही अक्षरं टॅग म्हणून वापरतो. त्यात आणखी एक सोय आहे: पॅच पाठवला, टाइमआउट झाला, पोचला की नाही माहीत नाही, तर तोच पॅच बिनधास्त पुन्हा पाठवा. आधीचा पोचला असेल तर काहीच बदलणार नाही.

वाट बघणं

त्या रात्री माझ्याकडे नेमकं हेच नव्हतं. पॅच गेल्यावर दर पाच सेकंदांनी डिप्लॉयमेंट वाचायची आणि पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासायच्या. लायब्ररीत ‘वॉच’चीही सोय आहे, पण जोडणी तुटली की कुठून पुन्हा ऐकायचं हा हिशोब सांभाळावा लागतो. आमच्या इंटरनेटवर साधं विचारत राहणं बरं.

आधी बघा की स्टेटसमधला ‘ऑब्झर्व्ड जनरेशन’चा आकडा मेटाडेटातल्या ‘जनरेशन’पर्यंत पोचला का. नसेल तर कंट्रोलरने तुमची मागणी अजून वाचलेलीच नाही आणि बाकी सगळे आकडे जुन्या रोलआउटचे आहेत. ही पायरी गाळली तर पॅचनंतर पहिल्याच सेकंदाला सगळं हिरवं दिसतं आणि स्क्रिप्ट खूश होऊन बाहेर पडते.

मग ‘अपडेटेड रेप्लिकाज’ मागणीइतके झाले का. मग एकूण पॉड अपडेटेडपेक्षा जास्त तर नाहीत ना. असतील तर जुने अजून निघायचे आहेत. शेवटी ‘अव्हेलेबल रेप्लिकाज’ अपडेटेडच्या बरोबरीला आले का. चारही जुळले, तरच ‘यशस्वी’ छापायचं.

अडकलं तर? स्टेटसच्या कंडिशन्समध्ये ‘प्रोग्रेसिंग’ नावाची एक असते. ठरलेल्या वेळेत काहीच पुढे सरकलं नाही तर तिच्या कारणात ‘प्रोग्रेस डेडलाइन एक्सीडेड’ येतं. मूळ मुदत ६०० सेकंदांची आहे; माझं ॲप वीस सेकंदांत उभं राहतं, म्हणून मी ती १२० केली. पण एवढीही वाट कशाला बघायची? ‘कोअर व्ही-वन एपीआय’मधून त्या लेबलाचे पॉड मागवा आणि प्रत्येक कंटेनरच्या ‘वेटिंग’ स्थितीचं कारण छापा. ‘इमेज पुल बॅकऑफ’ दिसलं तर टॅग किंवा रजिस्ट्रीचा पासवर्ड बघा. ‘क्रॅश लूप बॅकऑफ’ दिसलं तर ॲप सुरू होऊन पडतंय, लॉग वाचा. मुनीमकाकांच्या फोनआधी मला हीच ओळ दिसायला हवी होती.

मागे येणं

मुदत संपली तरी कुबरनेटीस स्वतःहून मागे येत नाही, ते फक्त सांगतं. आणि या एपीआयमध्ये ‘रोलबॅक’ असा सरळ कॉल नाही. क्यूबसीटीएलचं ‘अनडू’ जुनी रेप्लिकासेट (आधीच्या आवृत्तीच्या पॉडची नोंद) शोधून तिचं टेम्प्लेट परत लावतं. ते पायथनमध्ये लिहिता येतं, पण मी लिहिलं नाही. पॅचआधी चालू इमेजचं नाव एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि बिघडलं की तेच नाव पुन्हा पॅच करतो.

अकरा दुकानांचा क्रमही ठरलेला आहे. आधी एकच दुकान, ज्यांचे मालक समजूतदार आहेत ते. ते पूर्ण जुळल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही, आणि कुठंही अडकलं की बाकीची दुकानं जुन्यावरच राहतात. वेळ रात्रीची, शेवटची पट्टी निघाल्यावर. दिवसा करायची वेळ आलीच, तर ॲपने बंद होण्याचा इशारा नीट ऐकला पाहिजे: इशारा मिळाल्यापासून पॉडकडे मुळात ३० सेकंद असतात, तेवढ्यात हातातली पट्टी पूर्ण करून नवीन घेणं थांबवायचं.

दर बदलला, कोड नाही

आता तोलाईचा दर कॉन्फिगमॅपमध्ये (इमेजबाहेर ठेवलेल्या सेटिंग्जच्या नोंदीत) असतो. पण कॉन्फिगमॅपमधून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून घेतलेलं मूल्य चालू पॉडला नव्याने कळत नाही. पॉड पुन्हा सुरू व्हावे लागतात. त्यासाठी पॉड मारत सुटू नका. टेम्प्लेटच्या ॲनोटेशनमध्ये आत्ताची वेळ लिहिणारा पॅच पाठवा, की नेहमीसारखा एकेक करत रोलआउट होतो. क्यूबसीटीएलचं ‘रीस्टार्ट’ही हेच करतं. फक्त हा पॅच पुन्हा पाठवताना वेळ बदलू देऊ नका. स्क्रिप्ट सुरू होताना एकदाच घ्या, नाहीतर प्रत्येक प्रयत्नाला नवा रोलआउट.

हंगामात पॉड वाढवायला ‘पॅच नेमस्पेस्ड डिप्लॉयमेंट स्केल’ आहे. दसऱ्याला दोनाचे चार, दिवाळीनंतर आवक उतरली की पुन्हा दोन. ऑटोस्केलर (भार बघून पॉड कमी-जास्त करणारा) लावला असेल तर मात्र संख्या त्याच्यावर सोडा आणि यॅमलमधून ‘रेप्लिकाज’ची ओळ काढून टाका. ठेवली तर प्रत्येक डिप्लॉयला तुमची स्क्रिप्ट चाराचे दोन करणार आणि ऑटोस्केलर दोनाचे चार.

पुसण्याचं फंक्शन माझ्या स्क्रिप्टमध्ये नाहीच. मधे एका दुकानाने आडत बंद केली, तेव्हा हिशोबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर त्यांच्या मुनीमांच्या हातात दिला आणि घरी येऊन डिप्लॉयमेंट क्यूबसीटीएलने काढली, नेमस्पेसचं नाव दोनदा वाचून. दुकानांच्या यादीतून ती ओळ काढायची मात्र राहिली, आणि पुढच्या डिप्लॉयला स्क्रिप्ट त्याच दुकानावर ४०४ (सापडलं नाही) देऊन थांबली.